उर्वरित मजकूर पान २ वर

दिवाळीच्या तोंडावर माळा आवरण्याचे काम आमच्या घरात गेली पन्नास वर्षे माझ्याकडे आहे, आणि गेली पन्नास वर्षे ते अपुरे राहिलेले आहे. आळस हे त्याचे कारण होय असे आमच्या सौभाग्यवतींचे मत असून ते त्यांनी वेळोवेळी पाहुण्यांच्या समक्ष नोंदवूनही ठेवले आहे. परंतु खरे कारण निराळे आहे. माळ्यावरच्या प्रत्येक पेटीच्या, डब्याच्या आणि फळीच्या तळाशी जुने वर्तमानपत्र अंथरलेले असते, आणि जुने वर्तमानपत्र दृष्टीस पडले असता ते न वाचता पुढे जाण्याचे मनोधैर्य परमेश्वराने मला दिलेले नाही. सकाळी दारात येऊन पडणारे ताजे वर्तमानपत्र मी पाच मिनिटांत हातावेगळे करतो, कारण पुढे काय होणार हे त्याच्या संपादकाला ठाऊक नसते आणि मलाही नसते. साठ वर्षांपूर्वीच्या अंकात मात्र एखाद्या मंत्रिमहोदयांनी ‘येत्या दोन वर्षांत’ म्हणून दिलेले आश्वासन वाचताना, त्या दोन वर्षांचे पुढे काय झाले हे पक्के ठाऊक असल्यामुळे, सर्वज्ञतेचा जो निर्मळ आनंद मला होतो, तो कचेरीत चौतीस वर्षे खर्डेघाशी करूनही मला एकदाही लाभला नव्हता.

यंदा नातवाने माळ्यावरून उतरवून दिलेली पेटी म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, पत्र्याची ट्रंक. तीत वरच्या बाजूस त्यांचा लोकरीचा कोट, त्याखाली घरखर्चाच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या, त्याखाली कोणत्याही कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्यांचा जुडगा, आणि सर्वांच्या तळाशी, आईने गव्हाच्या खळीने घट्ट चिकटविलेले वर्तमानपत्र. कागद उलटा चिकटविलेला असल्याने वाचणाऱ्याला एक तर पेटी फिरवावी लागते, नाहीतर स्वतःला. पेटी जड होती.

“अहो, झाली का पेटी रिकामी?” स्वयंपाकघरातून पृच्छा झाली.

“तळ दिसायला लागला आहे,” मी पेटीच्या आतून उत्तर दिले.

“मग थांबलात कशाला?”

“तळच वाचतो आहे.”

यानंतर स्वयंपाकघरात पातेले आपटल्याचा जो आवाज झाला, त्याचा अर्थ पन्नास वर्षांच्या सहवासाने मला कळतो. पण त्या वेळी माझे तिकडे लक्ष नव्हते. तो कागद म्हणजे साताऱ्याच्या एका साप्ताहिकाचे फेब्रुवारी १९६२ मधले पहिले पान होते. वर ठळक टायपात अष्टग्रहीचे अरिष्ट टळल्याचे वृत्त होते, आणि त्याच्याखाली, डाव्या कोपऱ्यात, येथील एका कारकुनाची फजिती झाल्याची चार ओळींची चौकट होती. जग बुडणार ह्या भरवशावर सदर इसमाने शेजाऱ्याकडून हातउसने रुपये घेतले, येथपर्यंत मजकूर आला होता, आणि मग कंसात छापले होते: उर्वरित मजकूर पान २ वर. पान २ हे पान १ च्या पाठीला असते, आणि ही पाठ आईने साठाहून अधिक वर्षांपूर्वी पत्र्याला चिकटवून टाकली होती.

साताऱ्यात त्या साली कारकून पुष्कळ होते. परंतु जगबुडीच्या भरवशावर शेजाऱ्याकडून पैसे घेतलेला कारकून माझ्या माहितीत एकच होता, आणि त्याचाच लोकरीचा कोट ह्या क्षणी माझ्या खांद्यावर लोंबत होता.

ज्यांचा जन्म त्यानंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. १९६२ च्या फेब्रुवारीत ३ तारखेपासून ५ तारखेपर्यंत रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठजण मकर राशीत एकत्र जमणार, आणि इतकी थोर मंडळी एका खोलीत जमली म्हणजे जे नेहमी होते तेच होऊन पृथ्वीचा विध्वंस होणार, असे भाकीत ज्योतिषी मंडळींनी वर्तविले होते. भरीस भर म्हणून त्याच सुमारास खग्रास सूर्यग्रहण होते. ते दिसणार होते पॅसिफिक महासागरावर, परंतु भिण्याची इच्छा असलेल्या माणसाला महासागराचे अंतर आड येत नाही. गावोगाव यज्ञ सुरू झाले, होमकुंडांत तूप पडू लागले, आणि एरवी दोन आण्यांचे दान देताना नाणे उलटेपालटे करून पाहणारी माणसे भिकाऱ्याला हाक मारून बोलावू लागली.

अण्णा स्वतःस बुद्धिवादी म्हणवीत. जगबुडीवर त्यांचा विश्वास फार तर चार आणे होता. पण चार आण्यांचीही तजवीज करून ठेवावी असा त्यांचा सरकारी स्वभाव. त्यांनी शेजारच्या पेन्शनर अव्वल कारकुनांकडून ७५ रुपये हातउसने घेतले, परतफेडीची मुदत १० फेब्रुवारी अशी मोठ्या चतुराईने लिहून दिली, आणि त्या पैशांचे तांदूळ, डाळ, गूळ व रॉकेल भरले. जग बुडाले तर कर्ज बुडेल, आणि न बुडाले तर निदान तांदूळ शिल्लक राहील, हे त्यातले अर्थशास्त्र त्यांनी आईला कंदिलाच्या उजेडात समजावून सांगितले.

आईने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि जग बुडालं, तर तो तांदूळ खाणार कोण?”

अण्णांनी तो विषय तहकूब केला.

त्या आठवड्यात आमच्या आळीत जी खलबते झाली ती कोणत्याही युद्धमंडळाला शोभली असती. पाणी चढले तर अजिंक्यताऱ्यावर जाता येईल, असा काकांचा अभिप्राय पडला. भूकंप झाला तर अजिंक्यताराच अंगावर येईल, असा आत्याचा. सातारा आधीच उंचावर असल्यामुळे प्रलय आमच्यापर्यंत पोहोचेतो मुंबई-पुण्याची व्यवस्था लागून गेलेली असेल, एवढ्यावर दोघांचे एकमत होऊन दोघांच्याही मुद्रेवर समाधान पसरले. ५ तारखेच्या रात्री सगळे जागे राहिलो. आजीने ठेवणीतल्या बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला, आणि हे लाडू माझ्या मुंजीच्या वर्षापासून ठेवलेले असावेत असा जो संशय मला होता तो खरा ठरला. ६ तारखेच्या पहाटे पृथ्वी जागच्या जागी असल्याची पहिली वार्ता आम्हांस आकाशवाणीने दिली नाही. ती पेन्शनर अव्वल कारकुनांनी दिली.

“काय अण्णा,” ते दारातूनच म्हणाले, “पृथ्वी दिसते आहे ना?”

“दिसते आहे,” अण्णा म्हणाले.

“मग दहा तारीखही दिसेल.”

ज्योतिषी मंडळींनी यज्ञांमुळे अरिष्ट टळले असा निर्वाळा दिला, आणि त्याच वर्षी २० ऑक्टोबरला चीनने आक्रमण केले तेव्हा हेच ते अरिष्ट असाही निर्वाळा दिला. म्हणजे टळलेही आणि आलेही. कचेरीत ही चर्चा निघाली असता, आठ-साडेआठ महिन्यांची दिरंगाई म्हणजे आपल्या खात्याच्या मानाने ग्रहांनी काम वेळेवरच केले, असे अण्णा म्हणाल्याचे ऐकिवात आहे.

एवढ्यावर अष्टग्रहीचा हिशेब मिटता तर ठीक होते. परंतु मी त्या वर्षी अकरावीत होतो, एस. एस. सी.ची परीक्षा मार्चमध्ये होती, आणि प्रलय फेब्रुवारीत होता. ज्या विषयाची परीक्षा जगाच्या अंतानंतर आहे त्याचा अभ्यास करणे हा प्रलयावरचा अविश्वास ठरेल, असा विचार करून मी भूमितीचे पुस्तक जानेवारीतच मिटून ठेवले, आणि ६ फेब्रुवारीला ते पुन्हा उघडले तेव्हा त्यातील सर्व त्रिकोण मला अनोळखी माणसासारखे पाहू लागले.

त्या काळी निकाल वर्तमानपत्रात नंबरांनी छापून येत असे. जून महिन्यात एका सकाळी अण्णांनी अंक उघडला, चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि उत्तीर्ण मंडळींच्या त्या मुंग्यांच्या रांगेवरून दोनदा बोट फिरविले. माझ्या पुढच्या बाकावरच्याचा नंबर होता. तो परीक्षेत माझ्या पेपरात पाहत होता. माझा नव्हता. आईने डोळ्यांना पदर लावला, आजीने देवाला लावलेली साखर उचलून डब्यात परत टाकली, आणि अण्णा एवढेच म्हणाले, “ग्रह नडले.” मग ते कोट चढवून बाहेर पडले आणि दुपारपर्यंत एका परिचिताच्या शब्दाने मला बिनपगारी उमेदवार म्हणून चिकटवून आले.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्रात, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली, मुंगीच्याही नजरेतून सुटेल अशा टायपात खुलासा आला, की खिळे जुळवताना नंबरांची एक ओळ गळाली होती. त्या गळालेल्या ओळीत मी होतो. तिसऱ्या वर्गात का होईना, पण होतो.

“अण्णा, मी पास आहे,” मी म्हणालो. “कॉलेजात जाऊ का?”

“आता शब्द दिला आहे,” अण्णा म्हणाले.

अशा रीतीने मी कारकून झालो. चुकीच्या बातमीचे जगातील थोर दाखले लोक मला सांगतात तेव्हा माझ्या मनात आदराऐवजी आपुलकी उत्पन्न होते, ती ह्यामुळे. १९४८ साली ‘शिकागो ट्रिब्यून’ने डेवीने ट्रूमनचा पराभव केल्याचा मथळा छापला, आणि निवडून आलेल्या ट्रूमनसाहेबांनी तोच अंक हसत हसत दोन्ही हातांनी उंच धरून छायाचित्र काढून घेतले. मीही माझा अंक तसा धरला असता. पण छायाचित्राला पैसे पडत, आणि घरातली सारी रोकड तांदळाच्या रूपाने कोठीत होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची गोष्ट तर याहून सरस. हवा नसलेल्या पोकळीत अग्निबाण चालणार नाही, हे शाळेतल्या मुलालाही कळते आणि गॉडार्ड नावाच्या प्राध्यापकाला कळत नाही, असे त्या पत्राने १९२० च्या जानेवारीत ऐटीत लिहिले, आणि १९६९ च्या जुलैत माणसे चंद्राच्या वाटेला लागल्यावर दुसऱ्या दिवशी, चूक झाल्याबद्दल खेद वाटतो असे तीन छोट्या परिच्छेदांत प्रसिद्ध केले. मध्ये ४९ वर्षे गेली होती, आणि गॉडार्डसाहेब १९४५ मध्येच वारले होते. त्या मानाने आमच्या पत्राने चोवीस तासांत खुलासा केला, हे मला मान्य केले पाहिजे. फक्त अण्णांना बारा तास पुरले.

मथळ्यांमुळे राष्ट्राचे काय होते ह्याची चिकित्सा करण्यास विद्वान समर्थ आहेत. आमच्या घराण्याचे काय झाले, एवढेच मी सांगू शकतो, आणि ते सांगायचे तर आजोबांपासून आरंभ केला पाहिजे. १ जानेवारी १९०६ पासून देशाची एक प्रमाणवेळ ठरली, तेव्हा आजोबा मुंबईत एका पेढीवर होते. मुंबईची स्वतःची वेळ ह्या नव्या वेळेहून ३९ मिनिटे मागे. आणि सूर्य डोक्यावर येण्याआधीच बारा वाजवणारी ही सरकारी वेळ मुंबईकरांच्या गळी काही केल्या उतरेना. पुढे कितीतरी वर्षे शहरात दोन वेळा नांदत होत्या. मुंबई वेळेचा पुरता निकाल लागायला १९५५ साल उजाडावे लागले. ह्या धोरणी पुरुषाने दोन्ही वेळांचा मान राखला. सकाळी ते पेढीवर मुंबई वेळेने हजर होत आणि संध्याकाळी स्टँडर्ड वेळेने घरी निघत. रोजची ३९ मिनिटे अशी बिनबोभाट सुटत असता त्यांनी आयुष्यात एकदाही खोटे घड्याळ दाखविले नाही, हा आमच्या घरात आजही अभिमानाचा विषय आहे. दुष्परिणाम इतकाच, की ती ३९ मिनिटे पुढे रक्तात उतरली. माझ्या लग्नात मुहूर्त टळल्यावर वराकडची मंडळी मांडवात आली, ती ३९ मिनिटांनीच; सौभाग्यवतींच्या माहेरी ह्याची नोंद आहे आणि तिचे वाचन दर दिवाळीला होते.

मग आला १९५७ चा एप्रिल. १ तारखेपासून रुपयाचे १०० नवे पैसे होणार असे वर्तमानपत्रांनी मोठमोठी कोष्टके छापून जाहीर केले. तारीख पाहून काकांना ती थट्टा वाटली आणि त्यांनी दुपारपर्यंत जुनाच हिशेब चालविला. कोष्टकाप्रमाणे एका आण्याचे ६ नवे पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माझ्या आजीने ते कोष्टक एकदा वाचवून घेतले, क्षणभर डोळे मिटले, आणि मला हाक मारली.

“अरे, तीन आण्यांचा गूळ आण. पण एकदम आणू नकोस. एका आण्याचा आण, घरी येऊन ठेव, पुन्हा जा.”

“का?”

“एकदम आणलास तर एकोणीस पैसे. तीनदा आणलास तर अठरा.”

येथेच ती थांबली असती तर माझे बालपण वाचते. परंतु त्याच संध्याकाळी तिच्या ध्यानात आले, की पुऱ्या रुपयाचा जिन्नस सोळा खेपांत आणला तर ९६ नव्या पैशांत काम भागते आणि चार पैसे निव्वळ उरतात. पुढचे काही महिने आमचे घर आणि पेठेतले दुकान यांच्यामध्ये मी हातमागाच्या धोट्यासारखा धावत होतो. दुकानदारानेही हार मानली नाही. तो दर खेपेला पुडी अधिकाधिक जाड कागदात बांधू लागला, आणि आजी कागद वेगळा करून गूळ तोलू लागली. नव्या पैशातले ‘नवे’ १९६४ साली गळून पडले. पंचवीस पैशांचे नाणे २०११ च्या जूनअखेर सरकारने बंद केले आणि चार आण्यांचा शेवटचा आधारही गेला. पण माझ्या अकलेचे मोजमाप आमच्या घरात अजून आण्यांतच होते आणि ते कधीही सोळाला पोहोचलेले नाही. माझे दोन्ही गुडघे तपासून डॉक्टरांनी वयाचे निमित्त सांगितले. डॉक्टर तरुण आहेत. दशमान पद्धतीशी त्यांचा संबंध आलेला नाही.

१९६३ च्या जानेवारीतल्या सुवर्णनियंत्रणाविषयी मी फार लिहिणार नाही, कारण त्यात सोनारांचे खरोखरच हाल झाले. चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास मोरारजींनी बंदी केली, पुढे ती शिथिल झाली, आणि तो कायदाही १९९० मध्ये गेला. आमच्या ताईचे लग्न नेमके त्या वर्षी होते. जावयाला चौदा कॅरटची अंगठी घालण्यात आली, ती पाहून त्यांनी जो चेहरा केला तोही चौदा कॅरटचाच होता, आणि तेव्हापासून पातळ ताक, उतरलेला रंग, दुसऱ्या प्रयत्नात पदवी मिळालेला भाचा, असे जे जे म्हणून कमअस्सल, त्या सर्वांस आमच्याकडे ‘चौदा कॅरट’ म्हणतात. नव्या सुनांना हा शब्द उलगडून सांगावा लागतो.

स्कायलॅबने मात्र माझ्या मामांचा बळी जवळजवळ घेतला. १९७९ च्या जुलैत अमेरिकेची ती सत्त्याहत्तर टनांची अंतराळातली प्रयोगशाळा खाली येणार, आणि कोठे पडणार हे तिच्या मालकांनाही सांगता येत नाही, असे मथळे रोज येऊ लागले. कोकणातल्या आमच्या मामांना मालकाला सांगता न येणाऱ्या मालमत्तेचा अनुभव असल्यामुळे, ती आपल्याच वाडीत पडणार अशी त्यांची खात्री झाली. जीव जाण्याचे त्यांना फारसे वाटले नाही. परंतु त्या मे महिन्यात घातलेली आंबापोळी, वर्षाच्या बेगमीची फणसपोळी, सांडगे, कुळथाचे पीठ आणि बरणीतले लोणचे आपल्या मागे कोणा नतद्रष्टाच्या पोटात जाणार, ह्या विचाराने ते व्याकूळ झाले.

“वर काय मिळतं कुणाला ठाऊक,” असे मामीला सांगून त्यांनी ३ जुलैपासून भक्षणास प्रारंभ केला.

११ जुलैला रात्री दहाच्या सुमारास ती प्रयोगशाळा वातावरणात शिरली, आणि तिचे तुकडे हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात विखुरले. मामा त्या वेळी परसात होते आणि पुढले चार दिवस बहुतांशी तेथेच राहिले. वाडीतल्या वैद्यांनी निदान विचारले तेव्हा मामी म्हणाली, “अमेरिका.” बरे वाटल्यावर त्यांच्या कानी आले, की पहिला तुकडा आणून देणाऱ्याला अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने दहा हजार डॉलरांचे बक्षीस लावले होते आणि ऑस्ट्रेलियातल्या एका सतरा वर्षांच्या पोराने ते पटकावलेही. त्यानंतरचे दोन महिने मामा कौलांवर काठी फिरवीत होते. एक जळका, वाकडा, विलक्षण दिसणारा धातूचा तुकडा त्यांना सापडलाही. तो त्यांनी रेशमी वस्त्रात गुंडाळून देवघरात ठेवला, आणि शेजारणीने तो ओळखून आपल्या बंबाचे झाकण म्हणून परत मागितला, तेव्हा त्यांनी तिच्याशी बोलणे टाकले. हा अबोला पुढच्या पिढीनेही पाळला आहे. तिकडे एस्परन्स नावाच्या गावाने रस्त्यात कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या अंतराळसंस्थेला चारशे डॉलर दंड ठोठावला. तो तीस वर्षे थकला आणि २००९ साली रेडिओवरच्या एका निवेदकाने वर्गणी काढून भरला. मामा तोवर हयात असते तर आंबापोळीचे बिलही त्यात घालता आले असते.

गणपतीच्या दूध पिण्याचे वृत्त आले २१ सप्टेंबर १९९५ ला. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून ते मूर्तीवरून खाली ओघळते हे दाखविले; पण तोवर आमच्या घरातले सगळे दूध देवळात गेले होते, आणि मला जो कोरा चहा मिळाला तो मी अनवधानाने बरा आहे म्हणालो. तेव्हापासून कोराच मिळतो.

असो. पान २ चा प्रश्न तसाच होता. मी नातवाला हाक मारली.

“आजोबा, फोटो काढा ना, मोबाईलवर शोधून देतो,” तो म्हणाला.

“अरे, ते चिकटलेल्या बाजूला आहे.”

“मग स्क्रोल करा,” तो म्हणाला आणि निघून गेला. ज्या मथळ्याने पेटीचा तळ झाकता येत नाही त्यावर ही पिढी कशी विसंबते, हे मला समजत नाही.

खळ वाफेने सुटते हे मला कचेरीतल्या लखोट्यांमुळे ठाऊक होते. सौभाग्यवती भाजणी आणण्यासाठी गिरणीत गेल्याची संधी साधून मी कुकर गॅसवर चढविला, त्याची शिटी काढली, आणि ट्रंक तिच्या कडीने उचलून वाफेवर तिरकी धरली. योजना निर्दोष होती. माझे वय आणि ट्रंकेचे वजन ह्या दोन बाबी तीत धरल्या गेल्या नव्हत्या. पाचव्या मिनिटाला ट्रंक ओट्यावरच्या चिवड्याच्या परातीत बसली, आठव्या मिनिटाला अण्णांचा कोट खोबऱ्याच्या तेलात बुडाला, आणि दहाव्या मिनिटाला सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण नेमक्या त्याच क्षणी तळाचा कागद एखाद्या सायीसारखा अलगद सुटून वर आला, आणि कुतूहल हे रागाहून बलवत्तर असल्यामुळे आम्ही दोघांनी तो ताटात उलटा पसरून भिंगाने वाचला.

मजकूर होता. मुदत १० फेब्रुवारी होती, शेजारी पेन्शनर होते, तांदूळ होता, रॉकेल होते. नाव जेथे असायला हवे होते तेथे, ‘श्री.’ नंतर, कसर लागून बोटाएवढे भोक पडले होते.

“मामंजीच,” सौभाग्यवती म्हणाल्या.

“कशावरून? साताऱ्यात दुसरा असू शकेल,” मी म्हणालो. “आणि हे पाहा, इथे रक्कम १२५ दिली आहे. अण्णांनी ७५ घेतले होते. ही वही पाहा, आईच्या अक्षरात. मार्च ते जुलै, पंधरा-पंधरा रुपये, पाच हप्ते. पंच्याहत्तरच.”

सौभाग्यवतींनी वही पाहिली. मग त्यांनी चिमटीत धरून तो तेलात भिजलेला लोकरीचा कोट वर उचलला, आतला शिंप्याचा कापडी शिक्का उजेडात धरला, आणि मला विचारले, “हा कोट कुणी दिला होता म्हणून सांगायचे?”

“साहेबांनी. बदली होऊन जाताना, भेट म्हणून.”

“कधी?”

मला ते साल चांगले आठवत होते, कारण निकालाच्या दिवशी अण्णा तोच कोट चढवून, भर जूनमध्ये, बाहेर पडले होते. मी उत्तर दिले नाही.

तरी ज्या वाचकांच्या माळ्यावर, पेटीत वा फडताळात साताऱ्याच्या साप्ताहिकाचा फेब्रुवारी १९६२ च्या दुसऱ्या आठवड्याचा अंक असेल, त्यांनी पान २, डावीकडून तिसरा रकाना, एवढा भाग कापून कृपया पाठवावा; टपालखर्च देण्यात येईल. त्या पेन्शनर अव्वल कारकुनांचे नातू हल्ली पुण्यात असतात असे कळते. हा लेख त्यांच्या दृष्टीस पडणार नाही, एवढी खबरदारी मात्र सर्वांनी घ्यावी.